घरच्या हिरवळीसाठी पेट्रोलचे लॉन मोअर : निवड आणि निगा

पुण्यातल्या हिरवळीचे वर्ष दोन असमान भागांत पडते. जूनच्या मध्यावर पाऊस लागला की गवत जे उसळते, ते ऑक्टोबर सरेपर्यंत हाताला उसंत देत नाही. या काळात एका रविवारची कापणी चुकली, तर पुढच्या रविवारी पाय घोट्यापर्यंत गवतात जातो. नोव्हेंबरात रात्री गार होऊ लागल्या की वाढ मंदावते, डिसेंबर-जानेवारीत ती जवळजवळ थांबते, आणि उन्हाळ्यात बागेला मोजूनमापून पाणी घालावे लागत असल्यामुळे तीन-चार आठवड्यांतून एकदा यंत्र फिरवले तरी भागते. म्हणजे मोअर साडेचार महिने राबते आणि उरलेला बहुतेक काळ गॅरेजच्या कोपऱ्यात उभे राहते. खरेदी करताना आपल्या डोळ्यांसमोर फक्त राबण्याचा काळ असतो. माझ्या आणि शेजारच्या बंगल्यांतल्या मोअरमध्ये इतक्या वर्षांत मी जे बिघाड पाहिले, त्यांतले निम्म्याहून अधिक मात्र यंत्र नुसते उभे असताना झालेले होते. म्हणून यंत्राच्या निवडीपासून त्याच्या साठवणीपर्यंत हा रिकामा काळ सतत हिशेबात धरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आधी हिरवळ मोजावी

दुकानात जाण्यापूर्वी फीत घेऊन हिरवळीचे क्षेत्र काढावे. प्लॉटचे क्षेत्र आणि हिरवळीचे क्षेत्र यांत मोठा फरक असतो. घर, पार्किंग, फरसबंदी आणि वाफे वजा केले, तर पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर हिरवळ अनेकदा दीड-दोन गुंठेच भरते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. हिरवळ एक गुंठ्याच्या आत असेल, तर पेट्रोलचे यंत्र घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताने ढकलायचे किंवा विजेवरचे लहान मोअर तिथे सहज पुरते, आवाज कमी होतो आणि पेट्रोल, ऑइल, कार्बुरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) यांची उठाठेव मुळातच उरत नाही. दोन गुंठ्यांच्या पुढे मात्र विजेची वायर झाडाकुंड्यांभोवती ओढत नेणे जिकिरीचे होते आणि ओलसर गवतात तिची धास्तीही राहते. बॅटरीवरची यंत्रे आता मिळतात आणि नियमित कापलेल्या हिरवळीवर ती चांगली चालतात, परंतु पावसाने दोन आठवडे उघडीप दिली नाही आणि मग ते दाट, रसाळ गवत एकदम कापावे लागले, की त्यांची बॅटरी फार लवकर उतरते. पेट्रोलच्या यंत्राची ताकद अशा वेळी खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

रुंदीचा हिशेब साधा आहे. ४६ सेंटिमीटर, म्हणजे १८ इंच कापणारे मोअर घेतले आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवला, तर प्रत्यक्षात ४० सेंटिमीटर रुंदी हाती लागते. ताशी तीन किलोमीटरच्या चालीने चालले, तर तासाला १,२०० चौरस मीटर व्हायला हवे, परंतु वळणे घेणे, झाडांच्या आळ्यांभोवती फिरणे आणि गवताची पिशवी रिकामी करणे यांत निम्मा वेळ जातो. म्हणजे तासाला साधारण सहा गुंठे. दोन ते पाच-सहा गुंठ्यांना १६ किंवा १८ इंचांचे, ढकलून चालवायचे मोअर पुरेसे आहे. त्याहून मोठ्या हिरवळीला, मुळशी-पानशेतकडच्या फार्महाउसला किंवा बाणेर, सूस, बावधन भागांतल्या टेकडीउताराच्या प्लॉटला २१ इंचांचे, चाके इंजिनाच्या जोरावर फिरणारे सेल्फ-प्रोपेल्ड मोअर घ्यावे. मोठे यंत्र घेण्याआधी घराच्या बाजूची गल्ली आणि बागेचे फाटक यांची रुंदीही मोजावी. कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधून यंत्र जात नाही, हे घरी आणल्यावर कळणे फार त्रासाचे असते.

कोणते इंजिन, कोणते पाते

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंग यांनी १८३० साली बनवले. ते दंडगोल पात्यांचे होते, म्हणजे फिरणारी वळणदार पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीसारखे गवत कापत. त्या पद्धतीची यंत्रे आजही आहेत. गोल्फच्या किंवा क्रिकेटच्या मैदानावर गवत पंचवीस मिलिमीटरपेक्षाही खुजे ठेवायचे असते, तिथे त्यांना पर्याय नाही. घरच्या बागेत मात्र जमीन कुठेतरी उंचसखल असते, काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, मधूनच लव्हाळा वर येतो आणि झाडाखाली काटक्या पडलेल्या असतात. दंडगोल पात्यांना यांतले काहीच मानवत नाही. एकच आडवे पाते गरगर फिरवणारे रोटरी मोअरच इथे घ्यावे. हरळीच्या कुळातली ‘सिलेक्शन नंबर वन’ असो किंवा नर्सरीवाले जिला मेक्सिकन लॉन म्हणतात ती बारीक पात्यांची दाट हिरवळ असो, दोन्ही त्याने व्यवस्थित कापल्या जातात.

इंजिन फोर-स्ट्रोकच असावे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते, धूर अधिक होतो आणि मिश्रणाचे प्रमाण चुकले की इंजिन जाते. खांद्याला लटकवायच्या ब्रशकटरला टू-स्ट्रोक इंजिन हलके म्हणून चालते, पण जमिनीवरून चाकांवर फिरणाऱ्या यंत्राला वजन थोडे वाढले म्हणून बिघडत नाही. घरगुती मोअरची इंजिने साधारण १४० ते १९० सीसीची असतात आणि १८ इंचांच्या पात्याला १६० सीसीच्या आसपासचे इंजिन चांगले पेलते. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर आहे, त्यामुळे विरळ हवेसाठी कार्बुरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग, बदलण्याची इथे गरज नसते. कोणी तसे सुचवले तर ऐकू नये.

पाते ज्याच्या आत फिरते, त्या डेककडे ग्राहक क्वचितच पाहतो, आणि रिकाम्या काळात सर्वांत आधी कुजतो तो हाच भाग. पोलादी पत्र्याचा डेक मजबूत आणि स्वस्त असतो, परंतु आतल्या बाजूला ओले गवत चिकटून राहिले तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गंजून जाळीदार होतो. अॅल्युमिनियमचा डेक गंजत नाही, पण महाग पडतो आणि दगड आपटला की तडकू शकतो. चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकचा डेक हलका असतो आणि लहान बागेला तो पुरतो. पोलादी डेक घेतला, तर दर कापणीनंतर तो आतून खरवडण्याची तयारी ठेवावी, कारण ती सवय नसेल तर पुण्याच्या पावसात तो टिकत नाही.

उंची बदलण्याची सोय चारही चाकांना मिळून एकाच दांड्याने होत असेल, तर उत्तम. प्रत्येक चाकाची उंची वेगवेगळी लावावी लागत असेल, तर माणूस ती कधी बदलतच नाही, आणि मग पावसाळ्यातही उन्हाळ्याच्याच उंचीवर कापत राहतो. मागची चाके मोठी असली, की उंचसखल जमिनीवर यंत्र अडकत नाही.

दुकानातला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न मात्र सुट्या भागांचा आहे. हेच मोअर पाच वर्षांनी उभे राहिले, तर त्याचे पाते, एअर फिल्टर, सुरू करायची दोरी, कार्बुरेटरचा गास्केट आणि फ्लायव्हीलची (इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकाची) चावी पुण्यात मिळेल का, हे विचारावे, आणि उत्तरादाखल दुकानदाराने ती वस्तू फळीवरून काढून दाखवावी असा आग्रह धरावा. इंजिन नामांकित कंपनीचे असेल, तर डेकवर कोणाचेही नाव असले तरी इंजिनाचे भाग सहसा मिळतात. बोल्ट, स्प्रिंग, पाइपचे क्लॅम्प, प्लग अशा सर्वसाधारण वस्तूंची सोय बोहरी आळी आणि नाना पेठ यांच्यामुळे पुणेकरांना आहेच, पण पाते हे त्या त्या मॉडेलचेच लागते. म्हणून खरेदीच्या दिवशीच एक जादा पाते आणि एक जादा एअर फिल्टर बिलात धरून घ्यावा.

घरी आणल्यावर

नवे मोअर कंपनीतून बहुधा ऑइल न भरता येते. खोके उघडून, हँडल जोडून, उत्साहाने पेट्रोल ओतून दोरी ओढली, तर कोरडे इंजिन काही मिनिटांत जाम होऊ शकते आणि अशा बिघाडाला वॉरंटीचे संरक्षण सहसा मिळत नाही. म्हणून सर्वांत आधी ऑइल. पुण्याच्या हवामानात एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० यांपैकी माहितीपुस्तिकेत दिलेले घ्यावे. बहुतेक इंजिनांना अर्ध्या लिटरच्या जवळपास लागते. यंत्र सपाट फरशीवर ठेवून थोडे थोडे ओतत, डिपस्टिक पुसून पुन्हा पुन्हा पाहत वरच्या खुणेपर्यंत आणावे, त्यावर जाऊ देऊ नये. पहिले ऑइल पाच तासांच्या वापरानंतर बदलावे, कारण नव्या इंजिनात झिजलेले धातूचे बारीक कण त्यात उतरलेले असतात. त्यानंतर दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलावे. घरगुती वापरात ५० तास क्वचितच भरतात, म्हणून दिवाळीनंतरचा एखादा दिवस त्यासाठी कायमचा ठरवून टाकावा.

पेट्रोल : खरे दुखणे इथे आहे

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीस मी मोअर पुसून, झाकून ठेवले आणि टाकीत अर्धे पेट्रोल तसेच राहू दिले. उन्हाळ्यात ते एकदाही बाहेर काढले नाही. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर दोरी ओढायला लागलो, तर चाळीस-पन्नास वेळा ओढूनही इंजिनाने साधी उचकीसुद्धा दिली नाही. एका दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच कार्बुरेटर नवा टाकावा लागेल असे सांगितले. मी यंत्र घरी आणून कार्बुरेटर उघडला. तळाच्या वाटीचा एकच बोल्ट सोडवल्यावर आत पेट्रोल नव्हतेच. तिथे काकवीसारखा पिवळसर चिकट थर होता, त्याला जुन्या व्हार्निशचा उग्र वास येत होता, आणि वाटीच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती. मधला पितळी जेट उजेडाकडे धरून पाहिला, तर पलीकडचे काहीच दिसत नव्हते. शिवणाच्या सुईपेक्षा बारीक असलेले ते छिद्र पूर्ण बुजले होते. कार्बुरेटर क्लीनरचा फवारा मारून तो अर्धा तास ठेवला, मग विजेच्या मऊ वायरमधला तांब्याचा एकच धागा काढून छिद्रातून हलकेच फिरवला, आणि पुन्हा उजेडाकडे धरल्यावर मोहरीच्या दाण्याहून लहान, पण स्वच्छ गोल प्रकाश दिसला. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले. तांब्याचाच धागा वापरावा, कारण पोलादी तारेने पितळी छिद्र रुंद होते आणि मग इंजिन कायम जास्त पेट्रोल पीत, काळा धूर सोडत चालते.

हे घडते त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि मागे डिंकासारखा अंश राहतो. त्यात आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाला पेट्रोल जाते ते नेमके तळातूनच. अॅल्युमिनियम आणि जस्ताच्या भागांवर दिसणारी पांढरी भुकटी ही त्या ओलाव्याचीच खूण असते. मोटारीत किंवा स्कूटरमध्ये हे सहसा जाणवत नाही, कारण तिथे पेट्रोल आठ-पंधरा दिवसांत जळून जाते. मोअरमध्ये ते महिनोन्‌महिने पडून असते. शिवाय लहान इंजिनांच्या अनेक माहितीपुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्के लिहिलेली आढळते. खरेदी करताना २० टक्के इथेनॉलला परवानगी असल्याचे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले मॉडेल मिळत असेल, तर चार पैसे अधिक देऊनही तेच घ्यावे.

वापराचे नियम यातूनच निघतात. एका वेळी महिन्याभरात संपेल इतकेच, म्हणजे एक-दोन लिटर पेट्रोल आणावे, आणि ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवावे. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणणे किंवा साठवणे धोक्याचे आहे. कापणी झाल्यावर टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बुरेटरची वाटी कोरडी होते. यासाठी दोन-तीन मिनिटे लागतात आणि त्यामुळे पुढचा सगळा त्रास टळतो. कॉक नसलेले मोअर घेऊ नये, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. ज्यांच्याकडे तसे आहे, त्यांनी पेट्रोलच्या नळीवर मध्ये एक छोटा कॉक बसवून घ्यावा. गरम इंजिनावर पेट्रोल कधीही ओतू नये. किमान पंधरा मिनिटे थांबावे आणि गवतावर न ओतता फरशीवर ओतावे, कारण सांडलेल्या पेट्रोलने गवत तर जळतेच आणि तिथे बरेच दिवस नवे उगवत नाही.

पाते

पात्याला धार नसेल, तर ते गवत कापत नाही, झोडपते. कापणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवळीकडे तिरप्या उन्हात पाहावे. टोके हिरवी आणि सरळ दिसली तर पाते ठीक आहे. टोके फाटलेली, धाग्यासारखी सुटलेली आणि पांढरट-तपकिरी दिसली, तर धार गेली आहे, आणि अशा फाटलेल्या टोकांतून पावसाळ्यात बुरशी लवकर शिरते. आमच्या आळीत येणारे माळीकाका याच्याही आधी ओळखतात. ते म्हणतात, ‘‘दादा, आवाज जड झाला की पातं काढायचं, गवत पिवळं पडायची वाट बघायची नाही.’’ दर वीस-पंचवीस तासांनी धार लावणे हा सर्वसाधारण नियम आहे, पण आपल्याकडच्या मातीत काळ्या दगडाची कच असते, त्यामुळे पावसाळ्यात दोनदा पाते काढावे.

पात्याला हात लावण्याआधी प्लगची वायर उपसून बाजूला करावी. पाते हाताने फिरवताना पिस्टनही हलतो आणि इंजिन क्षणभर पेटू शकते. हे एकदा विसरले, तरी बोटे जातात. मग मोअर कलंडवावे ते एअर फिल्टर आणि कार्बुरेटर वरच्या बाजूला राहतील असे. उलट्या बाजूने कलंडवले, तर ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरते, आणि पुढच्या वेळी अंगण पांढऱ्या धुराने भरते. पाते आणि डेक यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून मधला बोल्ट सोडवावा. काढण्याआधी पात्याचे वरचे आणि खालचे तोंड खडूने खूण करून ठेवावे, कारण पात्याचे मागे वर वळलेले पंख डेककडेच राहिले पाहिजेत. ते उलटे बसले तर गवत उभे राहत नाही आणि कापलेही जात नाही.

धार मूळ उताराप्रमाणे, साधारण ३० अंशांच्या कोनात, सपाट कानशीने लावावी. ग्राइंडरवर घाईने लावली की पोलाद तापून निळे पडते, त्याचे पाणी उतरते आणि ती धार दोन कापण्याही टिकत नाही. बाहेर लावून घ्यायची असेल, तर पाते मध्येच पाण्यात बुडवून थंड करा, असे समोर उभे राहून सांगावे. वस्तऱ्यासारखी धार नको, कारण ती पहिल्याच खड्यावर वळते. त्यानंतर तोल पाहावा. भिंतीत एक खिळा आडवा मारून पात्याचे मधले छिद्र त्यावर अडकवावे. जी बाजू खाली झुकेल तिच्या टोकाकडून थोडे आणखी घासावे आणि पाते आडवे स्थिर राहीपर्यंत हे करत जावे. तोल नसलेले पाते मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्यांनी फिरताना साऱ्या यंत्राला हादरे देते आणि त्याचे बेअरिंग व सील खराब होतात. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच, शक्य असल्यास टॉर्क रेंचने घट्ट करावा.

याच तीन हजार फेऱ्यांमुळे १८ इंची पात्याचे टोक ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगाने फिरत असते, हे लक्षात ठेवूनच हिरवळ साफ करावी. दगडगोटे, नारळाच्या करवंट्या, पाण्याच्या स्प्रिंकलरची वर राहिलेली तोंडे या नेहमीच्या गोष्टी आहेतच. पुण्यात मात्र दिवाळीनंतरची कापणी सर्वांत धोक्याची असते. मुलांचा किल्ला मोडला जातो, माती हिरवळीवरच पसरते, आणि तिच्यात मावळे, खिळे, विटांचे तुकडे राहतात. फुलबाज्यांच्या जळक्या तारा गवताच्या रंगात मिसळून जातात आणि पात्यातून सुटल्या की बाणासारख्या सुटतात. तेव्हा जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक काठीला बांधून मी हिरवळीवरून फिरवतो, आणि दर वर्षी पंधरा-वीस तारा त्याला लागतातच. संक्रांतीनंतर पतंगाचा मांजा शोधावा. तो पात्याच्या शाफ्टभोवती गुंडाळला जाऊन तापतो, वितळतो आणि ऑइल सील कापतो. मोअरखाली ऑइलचे थेंब दिसू लागले, तर आधी तिथे मांजा अडकला आहे का ते पाहावे.

पाते एखाद्या दगडाला किंवा पाइपच्या टोकाला आपटून इंजिन खाडकन बंद पडले आणि नंतर सुरूच होईना, किंवा दोरी हातातून उलट हिसकली जाऊ लागली, तर फ्लायव्हीलची चावी सरकली आहे असे समजावे. ही अॅल्युमिनियमची इवलीशी चावी मुद्दाम मऊ केलेली असते, म्हणजे धक्का तिने घ्यावा आणि शाफ्ट वाचावा. ती स्वस्त असते, पण फ्लायव्हील ओढून काढण्याचे काम लेथवाल्याकडून किंवा जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. चावी बदलल्यावर पात्याचा बोल्ट फिरताना डगमगताना दिसला, तर शाफ्ट वाकला आहे, आणि असे यंत्र पुन्हा चालवू नये.

फिल्टर आणि प्लग

एप्रिल-मे महिन्यांतली कोरडी धूळ आणि शेजारी चाललेल्या बांधकामाची भुकटी यांमुळे पुण्यात एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीपेक्षा लवकर भरतो. कागदी फिल्टर हलकेच आपटून झटकावा, तो धुऊ नये आणि कॉम्प्रेसरच्या जोराच्या हवेनेही उडवू नये, कारण त्याला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचे काही थेंब चोळून घट्ट पिळून बसवावा. प्लग वर्षातून एकदा काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी आहे, काळे आणि काजळलेले असेल तर बहुधा फिल्टर भरला आहे.

कापताना

एका वेळी गवताच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापू नये. पावसाळ्यात उंची ४० मिलिमीटरच्या आसपास ठेवावी, उन्हाळ्यात त्याहून वर, म्हणजे मुळांवर सावली राहते आणि पाणी कमी लागते. गवत खूप वाढले असेल, तर पहिल्या दिवशी सर्वांत वरच्या उंचीवर आणि तीन-चार दिवसांनी खालच्या उंचीवर असे दोनदा कापावे. ओले गवत कापू नये, हा नियम पुण्याच्या जुलैत पाळणे अवघड आहे, म्हणून उघडीप मिळालेल्या दिवशी सकाळी अकराच्या पुढे गवताची पाती सुकली की लगेच कापणी उरकावी. काळी माती चिखल झालेली असताना मात्र यंत्र अजिबात नेऊ नये, कारण चाकांनी दबलेल्या पट्ट्यांत पाणी साचते आणि तिथले गवत कुजते. दर वेळी दिशा बदलावी. उतारावर ढकलायचे मोअर आडवे चालवावे, वरखाली नाही.

पायांत बंद बूट हवेत. चपला घालून मोअर चालवणारे मी रोज पाहतो आणि प्रत्येक वेळी जीव घाबरा होतो. हँडलवरची जी दांडी सोडली की इंजिन बंद पडते, ती दोरीने बांधून ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती दांडी माणसाचा जीव वाचवण्यासाठी दिलेली असते आणि ती कोणालाही, अगदी अनुभवी माळ्यालाही, बांधू देऊ नये. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षक असावेत, आणि मुले व कुत्री घरात असावीत.

शेजाऱ्यांचाही विचार करावा. निवासी भागात सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि पेट्रोलचे मोअर तिच्यापेक्षा बरेच मोठ्याने चालते. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी एक ते चार या वेळात ते सुरू करू नये. कापलेले गवत कोरडे असेल, तर पिशवी काढून ते हिरवळीतच बारीक पसरू द्यावे, त्यातले नत्र जमिनीला परत मिळते. पावसाळ्यातल्या ओल्या गवताचे मात्र गोळे बसून खालची हिरवळ पिवळी पडते, म्हणून तेव्हा पिशवी लावावी आणि सोनमोहराच्या किंवा वर्षावृक्षाच्या वाळक्या पाल्यात थर देऊन ते खताच्या खड्ड्यात टाकावे. नुसत्या ओल्या गवताचा ढीग दोन दिवसांत आंबून वास मारतो.

दिवाळीनंतर आणि मृगाच्या आधी

तारा आणि मावळे वेचून झालेली दिवाळीनंतरची कापणी संपली, की त्याच दिवशी साठवणीचे काम करावे. हाताने दाबायच्या पंपाने टाकीतले पेट्रोल पूर्ण काढून स्कूटरमध्ये ओतावे, कॉक उघडा ठेवून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे आणि वाटीच्या तळाचा बोल्ट सैल करून उरलेला थेंबही काढावा. इंजिन गरम असतानाच जुने ऑइल काढावे, कारण गरम ऑइलबरोबर गाळही वाहून जातो. ते गटारात किंवा बागेत न ओतता डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावे. नवे ऑइल भरावे. प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर ऑइल आत सोडावे, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढावी आणि प्लग परत लावावा. शेवटी दोरी जिथे जड लागते तिथे थांबवावी. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि ओलसर हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. डेक आतून लाकडी पट्टीने खरवडून, कोरडा करून, ऑइलच्या फडक्याने पुसावा. पाण्याच्या जोराच्या धारेने यंत्र धुऊ नये, ते पाणी बेअरिंगमध्ये जाते. झाकायला प्लास्टिकचा कागद न वापरता जुनी चादर वापरावी, कारण प्लास्टिकखाली घाम धरतो आणि गंज चढतो.

उन्हाळ्यात एखाददुसरी कापणी करायची असल्यास वाटीभरच पेट्रोल घालावे आणि ते त्याच दिवशी संपवावे. मे महिन्याच्या अखेरीस यंत्र बाहेर काढून आधी दोरी तपासावी, ती कुठे उसवली असेल तर तेव्हाच बदलावी, कारण ती भर जुलैत तुटते. पात्याचा बोल्ट, चारही चाकांचे नट आणि हँडलचे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहावे, फिल्टरमध्ये कुंभारमाशीने घर केले नाही ना याची खात्री करावी आणि ताजे पेट्रोल अर्धा लिटर भरावे. चोक लावून दोरी ओढावी. सुरुवातीला सिलिंडरमधले ऑइल जळून मिनिटभर निळसर धूर येतो, त्याने घाबरून इंजिन बंद करू नये. धूर विरला आणि आवाज एकसारखा झाला, की चोक सोडून पाच मिनिटे फरशीवरच चालू द्यावे, मग बंद करून खाली वाकून कुठे ऑइल किंवा पेट्रोल गळत नाही ना ते पाहावे, आणि त्यानंतरच मोअर गवतावर न्यावे.